चाल जपायची, की छाप?

नाशिक, पैठण, नांदेड असा मराठी मुलूख मागे टाकून आणि बासरच्या सरस्वतीचे दर्शन घेऊन गोदावरी आमच्या मंचेरियलला येते, तेव्हा तिच्या काठची भाषा बदललेली असते. पाणी मात्र तेच असते. या गावात मराठी घरे मोजकी. संगीत नाटकाचा प्रयोग इकडे येत नाही आणि नाट्यसंगीताची मैफलही सहसा होत नाही. गोव्यातल्या किंवा पुण्यातल्या रसिकाला जे घराबाहेर पडताच मिळते, ते आम्हांला पेटीतून, म्हणजे आता खिशातल्या दूरध्वनीतून, मिळते. त्यामुळे दिवंगत संगीतकाराचे संगीत जिवंत कसे राहते, हा प्रश्न आमच्यासारख्या दूरस्थांना थोडा अधिक टोचतो. आमच्यापुरता तो संगीतकार म्हणजे पंडित जितेंद्र अभिषेकी.

मध्यंतरी एका एकादशीच्या संध्याकाळी एका परिचितांच्या घरी भजन होते. एका तरुणाने पंडितजींचा ‘अबीर गुलाल’ हा अभंग म्हटला. साथीला तबलजी नव्हता, पेटीही नव्हती. तयार साथसंगत दूरध्वनीवर वाजत होती आणि तरुण तीवर गात होता. गळा सुरेल होता. पंडितजींची प्रत्येक मुरकी, प्रत्येक ठेहराव, एवढेच काय, मूळ ध्वनिमुद्रिकेतला श्वासदेखील त्याने जागच्या जागी घेतला. श्रोते प्रसन्न झाले. शेजारचे एक वृद्ध तेलुगु गृहस्थ मन लावून ऐकत होते. त्यांना कामापुरते मराठी समजते. अभंग संपल्यावर त्यांनी मोडक्या मराठीत विचारले, “बाबू, तो उंबरठ्याला का शिवत नाही?”

तरुणाला उत्तर देता आले नाही. गाताना तो त्या कडव्यातून हसतमुखाने, पहिल्याच ओळीच्या उल्हासाने पुढे गेला होता.

या एका प्रश्नात प्रस्तुत लेखाचा सारा विषय आला. तो अभंग चोखोबांच्या नाममुद्रेचा आहे. गुलालाच्या उधळणीने तो सुरू होतो, आणि लगेच पुढे असा भक्त बोलू लागतो, ज्याला देवळाची पायरी ठाऊक आहे पण उंबरठा ओलांडण्याची मुभा नाही. पंढरपूरला महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. म्हणजे मरणोत्तर स्थानही दाराबाहेरच. ते दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. आता हा अभंग गाणारे पंडितजी कोण, हेही पाहावे. गोव्यातल्या मंगेशीच्या देवालयात श्रीमंगेशावर अभिषेक करण्याचा मान ज्या घराण्याकडे होता, त्या घराण्याचे ते पुत्र. मूळ आडनाव नवाथे. सेवेवरून ते अभिषेकी झाले. गाभाऱ्यात जन्मसिद्ध प्रवेश असलेला माणूस उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्याचे शब्द गातो, तेव्हा त्या चालीत उल्हास आणि आर्तता ही दोन्ही एकाच वेळी नांदतात. उल्हास उचलला आणि आर्तता वगळली, तर चाल स्वरास्वराने बिनचूक येऊनही पंडितजींचे संगीत आलेले नसते. आलेली असते ती त्यांची छाप.

छापेला छाप म्हणावे आणि चालीला चाल, एवढाच आमचा आग्रह आहे. हा भेद स्पष्ट होण्यासाठी पंडितजींच्या कार्याकडे थोडे मागे वळून पाहणे जरूर आहे.

पंडितजींचा जन्म १९२९ चा, मंगेशीचा. वडील कीर्तनकार, त्यामुळे शब्द आणि सूर यांचा संबंध त्यांना घरातच कळला. गोव्यात गिरिजाबाई केळेकरांकडे आरंभीचे शिक्षण, पुढे मुंबईस आग्रा परंपरेचे जगन्नाथबुवा पुरोहित आणि अजमत हुसेन खाँ, नंतर जयपूर परंपरेचे गुलुभाई जसदनवाला, असा त्यांचा गुरूंचा प्रवास. संस्कृतची पदवी त्यांनी घेतली होती. मुंबई आकाशवाणीच्या कोंकणी विभागात त्यांनी नोकरी केली आणि तेथे कोंकणी कवितांना चाली दिल्या. या मासिकाच्या दोन्ही भाषा त्यांच्या गळ्यात सुखाने नांदत होत्या, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. एका गुरूच्या गायकीची नक्कल करणारा शिष्य इतक्या दारांशी गेला नसता. त्यांनी प्रत्येकाकडून विद्या घेतली आणि गायले ते स्वतःच्या गळ्याने.

नाट्यसंगीतात त्यांनी काय केले? किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून, म्हणजे १८८० पासून, संगीत नाटकाची जी परंपरा चालत आली, तिच्यात पदांची संख्या मोठी, आणि पुढेपुढे पदांचा विस्तारही मोठा. श्रोत्यांच्या ‘वन्समोअर’ने नाटकातली वेळ थांबे आणि रात्र सरे. त्या वैभवाचा आम्हांला अभिमान आहेच. परंतु नाटक मागे पडून मैफल पुढे आली, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही. मुंबईच्या गोवा हिंदु असोसिएशनने १९६४ साली वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले. त्याचे संगीत पंडितजींनी केले आणि नाट्यपदाला नवे वळण लागले. पदे मोजकी, त्यांची लांबी प्रसंगाला मानवेल तेवढीच. राग शास्त्रोक्त, पण शब्दाच्या अंगावर न बसणारा. रामदास कामत आणि आशालता वाबगावकर या दोन गोमंतकीय गळ्यांनी ती पदे घरोघर पोहोचविली. पाठोपाठ १९६६ साली शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ आले. त्याच वर्षी कानेटकरांचे ‘लेकुरे उदंड जाली’ आले, ज्यातली गाणी बोलण्यातूनच उगवल्यासारखी वाटतात. १९६८ साली रणजित देसाईंचे ‘हे बंध रेशमाचे’. एकाच संगीतकाराने चार-पाच वर्षांत इतक्या भिन्न प्रकृतीच्या नाटकांना त्या त्या नाटकाचा स्वर दिला. प्रसंग बदलला की चालीची जातच बदलायची, ही त्यांची रीत. छाप उचलणाऱ्याच्या हाती यांतले काहीच लागत नाही. त्याला सगळीकडे एकच ‘अभिषेकी’ ऐकू येतो.

या रीतीचा सर्वोच्च दाखला म्हणजे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’. नाट्यसंपदेने २४ डिसेंबर १९६७ रोजी ते सादर केले. त्यात ‘घेई छंद मकरंद’ या एकाच पदाला पंडितजींनी दोन चाली दिल्या. पंडित भानुशंकरांच्या गायकीतली चाल सालगवराळीत बांधलेली, शांत आणि आखीव; खाँसाहेबांच्या गायकीतली धानीत, चपळ आणि उसळती. शब्द तेच, भ्रमर तोच, पण दोन घराण्यांची दोन मने. संगीतकारच जेथे एका शब्दावलीला दोन देह देतो, तेथे ‘या पदाची खरी चाल एकच, आणि ती अमुक ध्वनिमुद्रिकेतली’ असा हट्ट धरणाऱ्याने त्या संगीतकाराचेच म्हणणे ऐकलेले नसते. त्या नाटकाची कथाही हेच सांगते. विद्या ही एका घराण्याची मिरास समजणारे खाँसाहेब एका बाजूला, आणि आडून कान लावून ती विद्या आत्मसात करणारा सदाशिव दुसऱ्या बाजूला. राजाने दिलेल्या कट्यारीने एक खून माफ असतो. परंतु दोन्ही गायक्या एका गळ्यात मिसळलेल्या ऐकल्यावर ती कट्यार चालत नाही. नाटक पाहून आपण टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन आपल्या मुलांना छापाचे गायन शिकवतो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांड्यांनी अजरामर केली. त्यांना अनेक वेळा ऐकलेले रसिक सांगत की बुवांचे पद दोन प्रयोगांत सारखे येत नसे. आज त्यांच्या एका मुद्रित प्रयोगातल्या ताना जशाच्या तशा पाठ करून म्हटल्या जातात. एका रात्रीची ती स्फूर्ती होती, आणि आपण तिची घटना करून टाकली! वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी २०१० साली हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणले, आणि २०१५ साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली त्यावर चित्रपट निघाला. त्या चित्रपटामुळे नाट्यसंगीताचे नावही न ऐकलेल्या तरुणांच्या कानांवर पंडितजींच्या चाली गेल्या. त्यांचे शिष्य महेश काळे यांना त्या चित्रपटातल्या गायनाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे ऋण मोठे आहे आणि ते आम्ही मनःपूर्वक मानतो. तथापि चित्रपट एकदाच गातो. तो शंभर वेळा पाहिला तरी तेच गातो. ध्वनिमुद्रण हा संगीताचा साक्षीदार होय; साक्षीदार आदरणीय असतो, म्हणून त्याला वारस समजून चालत नाही. वारस तो, जो पुन्हा गातो.

आमच्या तेलुगु शेजाऱ्यांकडून येथे एक धडा घेण्यासारखा आहे. आपल्याकडे ‘पाठांतर’ म्हणजे घोकंपट्टी. कर्नाटक संगीतात ‘पाठांतरम्’ या शब्दाचा अर्थ निराळा: एखाद्या शिष्यपरंपरेतून आलेला कृतीचा पाठ. त्यागराज १८४७ साली निवर्तले. त्यांच्या कृती शिष्यांच्या निरनिराळ्या शाखांतून आल्या, आणि एकाच कृतीची थोडीथोडी निराळी पाठांतरे आजही सन्मानाने गाइली जातात. कृतीचा सांगाडा, राग, ताल, साहित्य यांना धक्का लागत नाही. परंतु संगतींच्या पायऱ्या परंपरेपरत्वे बदलतात. तिरुवैयारूला दर वर्षी पुष्य वद्य पंचमीला शेकडो कंठ एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. त्या ठिकाणच्या समाधीवर मंदिर उभे केले ते बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी परंपरेतल्या गायिकेने, स्वतःची मिळकत खर्चून; आणि त्या उत्सवात स्त्रियांना गाण्याचा अधिकार मिळावा म्हणून झगडलीही तीच. १९५२ साली ती वारली. म्हणजे तेथेही प्रश्न उंबरठ्याचाच होता.

दूरच्या एका देशाचे उदाहरण याहून हृदयद्रावक आहे. कोमितास हे आर्मेनियन संगीतकार १८६९ साली जन्मले. लहानपणी पोरके झाल्यावर एच्मियाद्झिनच्या धर्मपीठात ते वाढले आणि तेथेच धर्मगुरू झाले. देवालयाच्या छायेत वाढलेल्या आपल्या मंगेशीच्या पुत्राशी त्यांचे हे साम्य सहज ध्यानात यावे. खेडोपाडी हिंडून त्यांनी हजारो लोकगीते टिपली, बर्लिनला शिक्षण घेतले, आपल्या धर्मोपासनेचे संगीत बांधले. १९१५ च्या २४ एप्रिलला कॉन्स्टँटिनोपलमध्ये आर्मेनियन विद्वानांची धरपकड झाली, तीत तेही सापडले. ते परत आले, पण मन कायमचे मोडले. १९३५ साली पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या हस्तलिखितांपैकी पुष्कळ नष्ट झाली. मग संगीत वाचले कसे? शिष्यांनी गायले म्हणून, आणि मॉस्कोत शिकणाऱ्या चार आर्मेनियन तरुणांनी १९२४ साली तंतुवाद्यांची जी चौकडी जमविली, तिने पुढे त्यांचेच नाव धारण करून ते वाजविले म्हणून. त्या चौकडीतल्या अस्लामाझ्यान यांनी गळ्यासाठी असलेली ती गीते चार तंतुवाद्यांसाठी नव्याने मांडली. गळा बदलून तंतू आले, तरी गीत कोमितासांचेच राहिले. नक्कल करायला त्यांच्याजवळ फारसे शिल्लकच नव्हते, म्हणून त्यांना अर्थ शोधावा लागला. आपल्याजवळ मात्र मुद्रणे उदंड आहेत, आणि कदाचित म्हणूनच आपण अर्थाच्या शोधात आळशी झालो आहोत.

पंडितजी ७ नोव्हेंबर १९९८ रोजी गेले. त्यांच्या मागे शिष्यांचा परिवार मोठा: प्रभाकर कारेकर, अजित कडकडे, राजा काळे, हेमंत पेंडसे, देवकी पंडित, आशा खाडिलकर, पुत्र शौनक अभिषेकी आणि आणखी कितीतरी. यांतले कारेकर २०२५ च्या फेब्रुवारीत निवर्तले. रामदास कामत त्यापूर्वी, २०२२ साली. ज्यांनी गुरुमुखातून विद्या घेतली ती पिढी आता एकेक करून उठून जात आहे. या शिष्यांची गाणी लागोपाठ ऐकावीत. कडकड्यांचा अभंग पेंडशांच्या बंदिशीसारखा लागत नाही, आणि देवकीताईंचा स्वर कोणाच्याच सावलीत उभा राहत नाही. गुरूने दिलेली विद्या प्रत्येकात निराळी फळली. पंडितजींनी छापखाना चालविला नाही, गुरुकुल चालविले, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे देवळाभोवती जमणाऱ्या आपल्या समाजाविषयी. गोव्यात जत्रा आणि उत्सव यांच्या निमित्ताने देवळाच्या मांडवात गावचे हौशी नट संगीत नाटक करीत आले आहेत. नाट्यसंगीत जगले ते नामवंत मंडळ्यांइतकेच या मांडवांनी जगविले. मंगेशीला सोमवारी पालखी निघते, तिच्यापुढे वाद्ये वाजतात. देवळाला सुराची सवय शतकांची आहे. या सवयीचे मोल कोणी दिले, हेही विसरू नये. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्या कलावंत समाजातून आल्या, त्या समाजातल्या स्त्रियांकडून देवळांनी पिढ्यान्‌पिढ्या गायनसेवा घेतली आणि सेवेच्या मानाने प्रतिष्ठा फारच थोडी दिली. उंबरठा तेथेही होता. तेव्हा ‘आपले संगीत आपण जपले’ असे म्हणताना ‘आपण’ या शब्दात कोण कोण येतात, याचा हिशोब प्रामाणिकपणे करावा.

आज त्याच मांडवांत तयार साथसंगतीवर गाण्याची टूम वाढली आहे. ती स्वस्त पडते, हे मान्य. पण तिचे दोन दोष उघड आहेत. एक, ती गाणाऱ्याच्या गळ्याकडे पाहत नाही. पुरुषाने काळी एकमध्ये म्हटलेले पद काळी चारच्या मुलीने त्याच पट्टीत ओढायचे, म्हणजे खर्ज घशात अडकायचा आणि पदाचा आब जायचा. पेटीवाला समोर असता तर त्याने नुसती बोटे सरकवून पट्टी बदलली असती. दुसरा दोष अधिक गंभीर: ती थांबत नाही. गाणाऱ्याला एखाद्या शब्दाशी क्षणभर रेंगाळावेसे वाटले, उंबरठ्याच्या ओळीवर त्याचा कंठ दाटून आला, तर यंत्र पुढे निघून जाते. जी साथ गाणाऱ्यासाठी थांबत नाही, तिला साथ कशी म्हणावी?

यावर उपाय खर्चिक नाही. उत्सवाच्या कार्यक्रमात एक संध्याकाळ पेटी आणि तबला यांवर होऊ द्यावी. पद म्हणण्यापूर्वी ते कोणत्या नाटकातले, कोणत्या प्रसंगातले आणि कोण कोणाला म्हणते, हे गाणाऱ्याने दोन वाक्यांत सांगावे. ज्याला सांगता येत नाही, त्याने ते पद अजून आठवडाभर घोळवावे. अभंग घेतला तर सगळी कडवी घ्यावीत, गैरसोयीची ओळ आधी. ‘घेई छंद’च्या दोन चाली दोघांनी म्हणाव्यात आणि मुलांना विचारावे, फरक काय वाटला? महाराष्ट्राच्या राज्य संगीत नाट्य स्पर्धेत आजही संस्था हौसेने उतरतात, गोव्यात आणि पुण्यात पंडितजींच्या नावाने महोत्सव होतात. त्यांच्या परीक्षकांनी आणि आयोजकांनी हुबेहूब गायनाला टाळी द्यावी, पण बक्षीस अर्थ उकलणाऱ्याला द्यावे.

त्या संध्याकाळी आमच्या तरुण गायकाला वृद्ध शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मीच द्यावे, असा मोह झाला होता. मी तो आवरला. आठवड्याने तो पुन्हा आला. मधल्या दिवसांत त्याने घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून चोखोबांची कथा समजून घेतली होती. या वेळी दूरध्वनी खिशातच राहिला. शेजारच्यांची जुनी पेटी होती, तिचे दोन स्वर बसलेले. तो अभंग त्याने पुन्हा म्हटला. मुरक्या कमी आल्या, एका जागी सूरही किंचित हलला. पण उंबरठ्याच्या कडव्याशी येताच त्याचा आवाज आपोआप खाली आला, आणि दाराशी, पायताणे काढतात त्या जागी बसलेल्या त्या वृद्ध गृहस्थांकडे त्याची नजर गेली. तो क्षणभर थांबला. पेटीही थांबली.

मग यजमानांनी उठून त्या गृहस्थांना हाताला धरून आत, देवाजवळ, आणून बसविले. आणि अभंग पुढे सुरू झाला.